आधी हात, मग हाड

कालमाम्बेतच्या वर्षाच्या जेवणाचं घोडं खालच्या गावात कापायचं की वर बाश-बुलुनला नेऊन, यावर घरात महिनाभर घोळ चालला होता. शेवटी त्याच्या बायकोने, बुरुलने, एका वाक्यात तो संपवला. माणूस वर पुरलाय, तर जेवणही वरच होईल, असं ती म्हणाली आणि चुलीपुढे जाऊन बसली. तिच्याशी वाद घालून जिंकणारा एकच माणूस होता, आणि तो वर्षभरापासून वरच झोपला होता.

म्हणून सप्टेंबरच्या त्या सकाळी सहा कढया, जाड लोकरी नमद्याचे तीन तंबू आणि सगळं चेत-बुलुन गाव ट्रॅक्टरवर, घोड्यांवर, जमेल तसं डोंगर चढून वर आलं. बाश-बुलुनला आता घरं नाहीत. कुणी न छाटल्यामुळे रानटी झालेली सफरचंदाची झाडं आहेत, पाटांच्या खुणा आहेत, चौथरे आहेत आणि एका टेकाडावर कबरी आहेत. म्हातारी माणसं पोचल्या पोचल्या आपापल्या चौथऱ्यावर जाऊन उभी राहिली. इथे आमची चूल होती, इथे दार होतं, असं नातवंडांना सांगू लागली. नातवंडं हो हो म्हणत सफरचंदं पाडत होती. कढया मांडल्या त्या जुन्या गावकचेरीच्या चौथऱ्यावर, कारण तेवढीच जागा सपाट होती.

ऐजार्किन कढयांवरून नजर फिरवत होती. कालमाम्बेतची ही थोरली लेक, गावातच दिलेली. शाळेत गणित शिकवते आणि तीन वर्षांपासून चेत-बुलुनच्या पंचायतीची अध्यक्ष आहे. बायकांच्या कोट्यातून आली, असं लोक अजून म्हणतात. तिचा नवरा सागिनही दोन घोट पोटात गेले की म्हणतो. आज मात्र तो शुद्धीवर होता आणि जावयाच्या मानाने कढईवर उभा राहून मांस हलवत होता. त्याच्या बाजूला एका थाळीत, कपड्याखाली, मेंढीचं जांबाश वेगळं काढून ठेवलेलं तिला दिसलं. जांबाश म्हणजे कमरेचं हाड. ते पंगतीतल्या सर्वांत मानाच्या म्हाताऱ्यापुढे जातं, आणि आज तो मान तिच्या काकांचा, तोलोगोन आबांचा होता. त्यासाठी कपडा झाकायची गरज नव्हती.

"हे कुणाचं?" तिने विचारलं.

"पाहुण्याचं. मेदेरचा फोन होता. प्रांतातून साहेब येतोय."

"आबा बसलेले असताना?"

"आबाच म्हणाले, पाहुण्याला द्या. त्यांचं दोघांचं ठरलंय सगळं."

एवढं बोलून सागिन जोरजोरात कढई ढवळू लागला. त्याच्या पोटात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं किमिझ कितीही राहतं, गोष्ट राहत नाही. ऐजार्किन नुसती उभी राहिली, आणि तेवढं पुरलं. जेवण संपलं की आबा दुवा देणार आहेत, त्याने सांगितलं. त्या दुव्यात म्हणणार आहेत, चेत-बुलुन आणि ओर्तो-दोबो ही दोन गावं एक होवोत. सगळे हात उघडतील, आमीन म्हणतील. मग बुधवारची पंचायतीची बैठक काय, नावापुरती.

प्रकरण जुनंच होतं, उन्हाळाभर गावात तेच चाललं होतं. छोट्या पंचायती मोडून मोठ्यात घालायच्या असं राजधानीत ठरलं होतं. पण कायदा म्हणतो, ज्या पंचायतीला मोडायचं तिची स्वतःची संमती हवी. कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल, संमतीचं काय, मिळतेच. आमच्या जिल्ह्यात पाच पंचायतींची मिळालीही. उरली होती ती एकट्या चेत-बुलुनची. आणि वरून नेमलेला जिल्ह्याचा प्रमुख, आकीम, म्हणजे दुसरा तिसरा कुणी नाही, ऐजार्किनचाच धाकटा भाऊ मेदेरबेक.

त्या दुव्याचं नाव ऐकून ऐजार्किनने पायाखालच्या चौथऱ्याकडे पाहिलं. कारण हे तिच्या घराण्यात एकदा झालं होतं, इथेच, या चौथऱ्यावर.

तिचे आजोबा असनाली तेव्हा बाश-बुलुनचे अध्यक्ष होते. साठच्या सुमाराला वरून हुकूम आला की डोंगरातली गावं खाली आणा. पण कागदावर गावकऱ्यांचा ठराव हवा होता. तेव्हाही संमतीची हौस होतीच. गावाने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा जिल्ह्याचा माणूस आला तो बैठकीचं नावही न काढता जेवायला बसला. मेंढी कापली, तो पोटभर जेवला, मुलांचे गालगुच्चे घेतले. निघताना म्हणाला, असनाली, खालच्या नव्या घरांसाठी एक दुवा द्या, म्हणजे मी सुखाने जातो. आता, घरचं मीठ खाऊन उठलेल्या पाहुण्याने दुवा मागितला आणि कुणी हात मांडीवर ठेवून बसला, असं आमच्याकडे होत नाही. असनालींनी हात उघडले. सगळ्या गावाने उघडले. आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले. दुसऱ्या दिवशी ठराव आला तेव्हा काल दिलेला दुवा आज मोडायला कुणाचं तोंड उघडेना. बर्फ पडायच्या आत घरांच्या तुळया खाली गेल्या.

असनाली त्यानंतर वीस वर्षं जगले. पण पुन्हा कधी दुवा दिला नाही त्यांनी. लग्न असो, बारसं असो, हात पालथे घालून गुडघ्यांवर ठेवायचे आणि शेजारच्याला म्हणायचे, तू दे.

त्यांचा मुलगा कालमाम्बेत अध्यक्ष झाला तेव्हा त्याने खालच्या गावात एकच नियम केला, आणि तो पुढची तीस वर्षं पाळला. आधी हात, मग हाड. कुणीही साहेब कुठूनही येवो, जोवर बोलणं होऊन हात मोजले जात नाहीत तोवर त्याला चहा मिळेल, पाव मिळेल, मांस मिळणार नाही. कचेरीच्या मागेच कढई चढवलेली असायची, आणि खिडकी कालमाम्बेत मुद्दाम उघडी ठेवायचा. एकदा कुणी मोठा माणूस आठ पानी भाषण घेऊन आला होता. वास आला तसा चौथ्या पानावर थांबला आणि म्हणाला, बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. पुढे मोठं सरकार कोसळलं, पगार थांबले, तारांमधली वीज गेली. तेव्हाही दर शुक्रवारी शाळेच्या पटांगणात बैठक व्हायची. कुणाकडे पीठ आहे, कुणाकडे लाकूड, मास्तरांना या आठवड्यात कोण जेवू घालणार, सगळं हात वर करून ठरायचं. त्या हिवाळ्यांत राजधानीत सरकार होतं की नव्हतं हे चेत-बुलुनला नीटसं कळलं नाही, कारण गावात होतं. ऐजार्किनला आजही ते दिवस आठवले की हातापायांना थंडी वाजते आणि तरी मन ऊबेला जाऊन बसतं. एवढी गरिबी आणि एवढी भरलेली पटांगणं तिने पुन्हा पाहिली नाहीत.

तोलोगोन आबा कबरींच्या भिंतीला टेकून उन्हात बसले होते. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हाच त्यांना कळलं की जावयाचं भांडं फुटलं.

"रस्ता होणार आहे, ऐजार्किन," ते आपणहून म्हणाले. "इथपर्यंत. डांबरी. मेदेरने शब्द दिलाय. गावं एक झाली की पैसा येतो, त्यातून."

"आजोबांचे हात विसरलात, आबा?"

"मी त्यांच्याच शेजारी बसायचो. मला काय सांगतेस." त्यांनी भिंतीवरची माती चिमटीत धरून चोळली. "आज मला ट्रॅक्टरवर गादी टाकून, गादीवर मला टाकून आणलंत. पुढच्या वर्षी आणाल? मेलो की आणाल, ते ठाऊक आहे मला. मला जिवंतपणी यायचंय. दादा इथे आहे, आईबाप इथे आहेत. माझं खाली कोण आहे?"

त्यांच्याशी भांडायचं म्हणून आलेली ऐजार्किन त्यांच्या खांद्यावरची शाल नीट करून परत गेली. लोभाला उत्तर देता येतं. हा लोभ नव्हता.

मेदेरबेक पाहुण्याला घेऊन दुपारी पोचला. गाडी शेवटच्या चढाला रुतली, तेव्हा पोरांनी ती ढकलली, आणि साहेबांसमोर असं व्हावं हे त्याला मनातून बरंच वाटलं. रस्त्याची गरज आणखी कशी पटवायची? प्रांताचे साहेब, शायिरबेक, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होते. बोलायला गोड, आणि सकाळपासून उपाशी. त्यांना तंबूत बसवून तो बाहेर आला, तर सफरचंदाखाली बहीण वाट बघत होती. ती हात मागे बांधून उभी होती, वर्गात उभी राहते तशी.

"आताकेच्या जेवणात, मेदेर?" ती म्हणाली. वडिलांना दोघंही आताके म्हणत आणि आईला आपा; थोरल्या बहिणीला मेदेर एजे म्हणे.

त्याने आधी हसण्यावारी नेलं, मग खोटं बोलायचा प्रयत्न केला, मग सोडला. बहिणीपुढे त्याला ते कधीच जमलं नव्हतं. तो आकड्यांवर आला. पंचायतीच्या लोकांचा पगार वरून येतो. शाळेचा कोळसा वरून येतो. कचेरीतला दिवा जळतो तो वरच्या पैशावर. पाटाचं दार मोडलं तर सहा महिने अर्ज करावा लागतो.

"हा कसला स्वतःचा कारभार, एजे? हा खाऊचा पैसा आहे. आई देते, आपण मिरवतो."

"पैसा थोडा असेल. खिसा आपला आहे," ऐजार्किन म्हणाली. "तिकडे एकवीस जणांच्या पंचायतीत आपले चार. कुरण कुणाला, पाणी कधी, ते ओर्तो-दोबोवाले ठरवणार. वसंतात नदी पूल नेते तेव्हा आपण दाखल्यासाठी पोहत जायचं का?"

"मग बुधवारी नाही म्हण. तुझा अधिकार आहे."

"आबांनी दुवा दिल्यावर? सगळ्या गावाने तोंडावरून हात फिरवल्यावर?" तिचा आवाज खाली आला. "मी म्हणू शकणार नाही हे तुला माहीत आहे. म्हणून तर तू हे करतोयस."

मेदेरबेकने झाडाकडे पाहिलं. हे झाड लहानपणी त्याला वडिलांनी दाखवलं होतं. हे आपलं, ते म्हणाले होते, फळ खाली पडलं तर कुणाचंही, झाडावर आहे तोवर आपलं. राजधानीत मागच्या बैठकीत त्याला सगळ्यांदेखत विचारलं गेलं होतं, की पाच पंचायती ऐकतात आणि स्वतःच्या घरची ऐकत नाही, हा कसला आकीम. सगळे हसले होते. तोही हसला होता.

"हे झालं नाही तर माझी खुर्ची जाईल, एजे. लगेच," तो म्हणाला. "वीस वर्षं घातली आहेत मी तिथे पोचायला."

 तिला त्याची कणव आली आणि त्या कणवेचा रागही आला.

बुरुल तेव्हा बायकांच्या तंबूत बसली होती. वर्षभर अंगावर असलेला काळा रुमाल जावांनी सकाळीच उतरवला होता आणि पांढरा बांधला होता. रीत आहे तशी. शोक संपला, आता हस, असं सगळ्या म्हणत होत्या. पांढरा रुमाल तिला परक्याचा वाटत होता. काळ्याखाली निदान कालमाम्बेत जवळ असल्यासारखा होता.

दाराशी कुणी खाकरलं. तोलोगोन होता. आत न येता, नमद्याशी चाळा करत त्याने हवापाण्याच्या दोन गोष्टी केल्या. मग म्हणाला, वहिनी, मी आज एक दुवा देणार आहे. आणि सगळं सांगून टाकलं. सांगितल्याने बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. ते वाटलं नाही.

बुरुलने ऐकून घेतलं. तिला आपलं लग्न आठवलं. खालच्या गावात आलेली ती पहिली सून. घरांच्या भिंती अजून ओल्या होत्या, वरून आणलेल्या तुळयांना जुना धूर चिकटलेला. सासऱ्यापुढे ती वाकली, आणि सासऱ्याने दुवा द्यायचा म्हणून सगळे थांबले. असनालींचे हात गुडघ्यांवर पालथेच. तू दे, ते शेजाऱ्याला म्हणाले. अठरा वर्षांच्या बुरुलला वाटलं, सासऱ्याला आपण पसंत नाही. ती रात्रभर रडली होती. पुढे कितीतरी वर्षांनी, आजारात, त्यांचे हात ती कोमट पाण्याने पुसत होती तेव्हा ते म्हणाले होते, पोरी, तुझा दुवा राहिलाच. आणि तरी दिला नव्हता.

"रस्ता मलाही हवाय, तोलोगोन," ती म्हणाली. "इथे यायला मला काय कमी कष्ट पडले? जा, बस पंगतीत."

तो गेल्यावर ती उठली, पांढरा रुमाल घट्ट केला आणि सरळ कढयांपाशी गेली. मांस शिजलं होतं. कुराण म्हणून झालं होतं, गवतावर दस्तरखान अंथरले होते, त्यांवर तळलेल्या पिठाचे बोरसोक आणि लोण्याच्या वाट्या होत्या. पोरं झारी घेऊन पंगतीतून फिरत होती, सगळ्यांच्या हातांवर पाणी घालून झालं होतं. सागिनने पहिली थाळी उचलली.

"ठेव खाली," बुरुल म्हणाली. "झाकणं लाव."

"आपा, निवेल."

"निवू दे. झाकणं लाव."

सागिनने सहाच्या सहा कढयांवर झाकणं ठेवली आणि सासूच्या बाजूला उभा राहिला. काय चाललंय त्याला कळलं नव्हतं. पण सासू आणि कढई यांच्यामध्ये येऊ नये एवढं त्याला कळत होतं.

धुतलेले ओले हात धरून तीनशे माणसं बसली होती. वास आला होता आणि थाळी आली नव्हती. कुजबुज सुरू झाली. मग म्हाताऱ्यांपैकी कुणाला तरी आधी उमगलं, आणि तो खोकल्यासारखं हसला. ते हसू पंगतीतून पसरत गेलं. खालच्या गावात दहा वर्षांत असं झालं नव्हतं. कालमाम्बेतने कचेरी सोडली त्यानंतर साहेब लोक यायचे, जेवायचे आणि जायचे.

बुरुल जुन्या कचेरीच्या चौथऱ्यावर उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं.

"माझ्या नवऱ्याचं जेवण आहे," ती म्हणाली. "पण मला कळलंय, या जेवणात एक प्रश्न शिजतोय. त्याच्या घरात प्रश्न आणि मांस एका थाळीत कधी वाढलं नाही. मेदेर, ऊठ. काय हवंय ते गावाला विचार. झालं की मांस येईल."

मेदेरबेकच्या कानांपर्यंत रक्त चढलं. पाहुण्याने त्याच्याकडे पाहिलं, मग कढयांकडे पाहिलं. क्षणभर मेदेरबेकला वाटलं, विनोद करून वेळ मारून न्यावी. पण आई चौथऱ्यावर उभी होती, तिच्या मागे टेकाडावर वडिलांची कबर होती, आणि तीनशे उपाशी माणसं त्याच्याकडे बघत होती. तो उठला. कधी नव्हे ते कागदाशिवाय बोलला, आणि माझ्या मते आयुष्यात सर्वांत चांगलं बोलला. गाव रिकामं होतंय, तो म्हणाला. तरुण मॉस्कोत विटा वाहतायत. शाळेचं छप्पर दरवर्षी शाकारावं लागतं. दोन गावांचा पैसा एक झाला तर छप्पर होईल, पूल होईल, इथवर रस्ता होईल. छोटं राहण्याचा अभिमान वाटतो, पण अभिमानावर ट्रॅक्टर चालत नाही. वडिलांच्या नावाचा त्याने उल्लेख केला नाही. ते ऐजार्किनच्या लक्षात आलं.

मग लोक बोलले. बरंच बोलले, कारण भूक लागली की आमच्याकडे माणूस खरं बोलतो. एक मेंढपाळ म्हणाला, ओर्तो-दोबोवाले सोयरे म्हणून चांगले आहेत, कुरणाचे मालक म्हणून नकोत. एक तरुण बाई म्हणाली, मला बाळंतपणाला दवाखाना हवा, तो कुठल्या पंचायतीचा ते मी विचारणार नाही. तिला कुणी गप्प केलं नाही. ऐजार्किन अध्यक्ष म्हणून शेवटी बोलली, आणि तिने एवढंच सांगितलं की वरच्यांच्या मनात असेल तर ते एक ना एक दिवस हे करतीलही, कायदा बदलून करतील. "पण मग त्यांनी त्यांच्या हातांनी करावं," ती म्हणाली. "आपले हात उसने मागू नयेत."

रस्त्याचा विषय तोलोगोन आबांनी काढला. रस्ता मात्र गेला ना हातचा, ते म्हणाले. तेव्हा कढईपासून सागिन बोलला की डांबराचं सांगता येत नाही, पण चर खणून खडी टाकायला काय लागतं. गवत कापून झालं की सगळं गाव आठवडाभर उतरू. हा पाट नाही का खणला होता आपल्या बापांनी.

"आणि त्याआधी मी मेलो तर?"

"तर मग घाई नाही, आबा," सागिन म्हणाला, आणि सर्वांत आधी आबाच हसले.

बुरुलने विचारलं, गावं एक व्हावीत असं कुणाला वाटतं.

 नियम असा होता की जो मागतो त्याने आधी हात वर करायचा. वडिलांनी हे मेदेरबेकला लहानपणी सांगितलं होतं. जे चार लोकांना करायला सांगतोस त्यासाठी आधी स्वतःचा हात वर कर, मग खाली पाहायची वेळ येत नाही. मेदेरबेकने हात वर केला. धुतलेला होता, अजून कशालाही न लागलेला. त्या दवाखानेवालीने केला. आणखी दहाबारा जणांनी केला, बहुतेक तरुणांनी. तोलोगोन आबांचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला, थांबला, आणि परत मांडीवर गेला.

मग बुरुलने उलटं विचारलं. धुतलेल्या हातांचं रान उभं राहिलं. मोजायची गरजच नव्हती, पण ऐजार्किनने शिस्तीने एकेक पंगत मोजली.  बुधवारी काय होणार ते सगळ्यांना कळलं, प्रांताच्या साहेबांनाही.

"वाढा," बुरुल म्हणाली.

जांबाश पाहुण्यापुढेच गेलं. आबांनी आधी शब्द दिला होता आणि पाहुणा पाहुणाच असतो. शायिरबेक साहेब जेवले. नीट जेवले. उठताना त्यांनी दुवा मागितला, सवयीने, आणि मागून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तोलोगोन आबांनी हात उघडले. सगळ्या गावाने उघडले. ज्याची वाट लांब आहे त्याची वाट सरळ होवो, आबा म्हणाले. जो उपाशी आला तो जेवून जातोय, जो विचारायला आला तो उत्तर घेऊन जातोय, अल्ला त्याला सुखरूप पोचवो. आमीन. बास, त्यात आणखी काही नव्हतं. म्हाताऱ्याने तोंडावरून हात फिरवले आणि मग जरा वेळ ते उताणे समोर धरून बघत राहिला. बुरुललाही ते दिसलं.

गाडीपाशी साहेबांनी मेदेरबेकला अगदी प्रेमाने सांगितलं की सोमवारी कार्यालयात या, निवांत बोलू. निवांत या शब्दाचा अर्थ दोघांनाही माहीत होता. गाडी खाली गेली. या वेळी ती रुतली नाही.

तो परत आला तेव्हा उन्हं कलली होती, तंबू उतरवायला घेतले होते. तो कढयांच्या चौथऱ्यावर एका बाजूला बसला. ऐजार्किन येऊन त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.  त्याने आज तोंड फिरवून वेळ मारून नेली असती तर ती कदाचित आयुष्यभर त्याच्याशी बोलली नसती, हे दोघांनाही कळत होतं.

बुरुल थाळी घेऊन आली. तिच्यात एकच हाड होतं. मांसाने भरलेलं, अजून वाफाळणारं. तिने ते झाकणाखाली राखून ठेवलं होतं. कालमाम्बेतला ती नेहमी हेच हाड द्यायची, सगळ्यांचं झाल्यावर, कचेरीच्या मागे.

"मी हरलोय, आपा," मेदेरबेक म्हणाला. "मी त्यांच्या बाजूने होतो."

"मी पाहिलं. सगळ्यांच्या आधी तुझाच हात वर होता," बुरुल म्हणाली आणि थाळी त्याच्या मांडीवर ठेवली. "हात वर केलास ना? मग हाड तुझं. खा, निवतंय. आणि खुर्ची गेली तर घरी ये. बापाचं घर धाकट्याचं, त्याची चूल मी विझवलेली नाही."

मेदेरबेकने दोन्ही हातांनी हाड उचललं. वाफ निवायची वाट न बघता तो खाऊ लागला.